उद्या म्हाताऱ्याचा नंबर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम काय केलं, तर बैलाएवढा एक विंचू मारला. बाकीच्यांची माणसं जाताना देवदर्शन करून जातात, कुणी नातवाच्या डोक्यावर हात ठेवून जातं. आमच्या वाट्याला विंचू आला.

संध्याकाळची वेळ. म्हशीची धार काढून झाली होती, कुकर गॅसवर होता. बायको टीव्हीपुढे पाटावर, मी मागे खुर्चीत. खेळाचा रिमोट आमच्यात एकच. चालायचं काम तिचं. दुकानात जाणं, लोकांशी बोलणं, जखमा बांधणं, सगळ्यांना वेळेवर झोपवणं हेही तिचंच. समोर काही वाईट आलं की ती रिमोट माझ्या हातात कोंबायची आणि डोळ्यांवर पदर घ्यायची. लढाई माझी, संसार तिचा. खऱ्या घरातही तसंच होतं, फक्त तिथं लढायला कुणी येत नसे, त्यामुळे मला काम नव्हतं.

तिसऱ्या शिट्टीला विंचू पडला. तिने रिमोट परत घेतला, खेळातल्या आमच्या माणसांना शेकोटीपाशी नेऊन बसवलं आणि खेळ ठेवला. शिकलेली माणसं ‘सेव्ह’ म्हणतात, ती ‘ठेवणं’ म्हणायची, दही झाकून ठेवावं तसं. मग उठता उठता म्हणाली, “उद्या म्हाताऱ्याचा नंबर हाय. इसरू नका.”

मी “व्हय” म्हटलं. जेवायला वांगं होतं.

हा म्हातारा कोण ते सांगतो, पण त्याआधी आमचं हे खूळ सांगायला पाहिजे. सातवीत गटांगळी खाल्लेला भात-शेतकरी आणि त्याची चौथीपर्यंत शिकलेली बायको म्हातारपणी व्हिडिओ गेम खेळतात, हे गावाला समजलं तेव्हा गावाने जेवढं हसायचं तेवढं हसून घेतलं. गावाने स्वतः काय केलं? जमिनी विकून गाड्या घेतल्या आणि त्या गाड्या चौकात उभ्या करून त्यांना टेकून उभं राहिलं. आम्ही निदान राक्षस मारत होतो.

ह्या जातीच्या खेळाला रोल-प्लेइंग म्हणतात. मुलाने मला समजावून सांगितलं की दादा, ह्यात आपण दुसरंच कुणीतरी व्हायचं असतं. मी म्हटलं, सासुरवाडीला गेलो की मी तेच करतो, त्याला टीव्हीला जोडायची पेटी कशाला लागते?

पहिली पेटी मुलगा शाळेत असताना आली. पौडाच्या बाजारातून आणलेली, पिवळी कॅसेट वरून खुपसायची. कॅसेटवर लिहिलं होतं नऊ हजार खेळ. निघाले चार, तेच उलटसुलट करून. दुसऱ्या एका कॅसेटमध्ये मात्र एक बुटका पोरगा तलवार घेऊन गावोगाव फिरायचा. लोकांशी बोललं की खाली अक्षरं उमटायची, चिनी का जपानी ते देवाला ठाऊक. मुलाला इंग्रजी येत होतं, त्याचा काही उपयोग नव्हता. त्या घरात पहिल्यांदाच आम्ही तिघं सारखे अडाणी झालो. मला फार बरं वाटलं.

मुलाने दोन दिवसांत सोडून दिलं. हिने सोडलं नाही. “ह्यो राजा त्याला काय तरी काम सांगतुया,” ती म्हणायची, “आन पोरगं न ऐकताच हिंडतंय.” राजाचं काम तर सगळ्यांना माहीत असतं. जग बुडायला निघालेलं असतं, वाचवायला मिसरूड न फुटलेलं पोरगं पाठवायचं आणि जाताना त्याच्या हातात एक काठी द्यायची. राजा स्वतः खुर्चीवरून उठत नाही. असे राजे ओळखायला मला जपानी यायची गरज नव्हती.

त्या पेटीत खेळ ठेवायची सोय नव्हती. बंद केलं की पोरगं पुन्हा पहिल्या गावात, हातात काठी. मग आम्ही पेटी बंदच करायचो नाही. टीव्ही बंद, पेटी चालू, वर ओला टॉवेल घालायचा, तापू नये म्हणून. असं आठ आठ दिवस ते पोरगं टॉवेलाखाली उभं राहायचं. आणि मग लाइट जायची. धरण आमच्या तालुक्यात, त्याच्या पाण्यावर वीज होते, ती वीज घाट उतरून मुंबईला जाते आणि आम्ही मेणबत्ती लावतो, हा जुना करार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लाइट गेली की ती आधी देवाकडे नाही, पेटीकडे बघायची. “गेलं पोरगं,” म्हणायची. आणि लाइट आली की पुन्हा पहिल्या गावापासून. चार पावसाळे आम्ही असे घालवले. ते पोरगं तिसऱ्या गावाच्या पुढे कधी गेलं नाही.

ही लाइटीची धास्ती तिची होती, पण बसली माझ्या अंगात. ती पुढे कामाला आली. म्हणजे नाही आली. ते पुढे सांगतो.

दुसरी पेटी काळी, तबकडीवाली. तोवर हिंजवडीच्या कंपन्या आमच्या चांदे गावाच्या वेशीला येऊन टेकल्या होत्या आणि आमच्या गोठ्याच्या जागी भाड्याच्या सहा खोल्या उभ्या होत्या, एक म्हैस तेवढी मागच्या पडवीत राहिली होती. एका खोलीतला भाडेकरू परदेशात निघाला. तो काय बोलायचा ते हिंदी होतं, ही काय बोलायची तेही तिला हिंदीच वाटायचं. दोघांचं चांगलं जमायचं. जाताना तो पेटी आणि तबकड्या तिच्या ओटीत घालावं तसं देऊन गेला. त्याआधी आठ दिवस बसून त्याने तिला खेळ शिकवला.

शिकवताना पहिल्याच दिवशी भांडण झालं. ह्या खेळांचा रिवाज असा की गावात शिरलं की दिसेल त्या घरात घुसायचं, मडकी फोडायची, पेट्या उघडायच्या आणि मिळेल ते खिशात घालायचं. भाडेकरू म्हणाला, काकी, हे घ्यायचं असतं, कुणी काही बोलत नाही. हिने रिमोट खाली ठेवला.

“बाई चुलीपाशी उभी हाय. तिच्या देखत ह्यो तिची कणगी उपसतुया. आन ह्यो हिरो?”

तिने अखेरपर्यंत कुणाच्या घरातली पेटी उघडली नाही. रानातली, गुहेतली उघडायची, ती बेवारस म्हणून. घरातली नाही. परिणाम असा की आमचा हिरो राक्षसाच्या वाड्यात फाटका सदरा आणि बोथट तलवार घेऊन गेला आणि मला त्याच्याकडून लढाई मारून घ्यायची होती. इतका प्रामाणिक आणि इतका मार खाणारा हिरो त्या खेळाच्या कंपनीने दुसरा पाहिला नसेल. एकेक राक्षस मारायला मला महिना महिना लागला. शेजारी विचारायचे, हल्ली दिसत नाही? मी म्हणायचो, कामात आहे.

त्या पेटीला ठेवण्यासाठी एक कार्ड असायचं, ग्लुकोजच्या बिस्किटाएवढं. ते ती खेळ झाल्यावर काढून डब्यात ठेवायची. त्या डब्यात रेशन कार्ड, तिची नथ आणि सातबाऱ्याचा उतारा असायचा. चोर आला असता तर त्याला कळलं नसतं की ह्यातलं सगळ्यात महाग काय.

तो खेळ आम्ही पुरा केला. एकच. राक्षस पडला, गाणं लागलं, इंग्रजी नावं खालून वर गेली, ही हात जोडून बसली होती. मग काळोख झाला. तिने पुन्हा लावून बघितलं तर आमची माणसं राक्षसाच्या दारात उभी, आत राक्षस धडधाकट, जसं काही घडलंच नाही. ती म्हणाली, “येवढं केलं त्याचं ह्यांच्या वहीत काहीच न्हाई?” मी म्हटलं, नोकरदार माणसाला विचार, त्यांचं असंच असतं. ती हसली नाही. त्यानंतर तिने कुठलाच खेळ शेवटाला नेला नाही. शेवटच्या दारापाशी आणायचा आणि तिथं मुक्काम.

तिसरी पेटी मुलाने आणली, दोन वर्षांपूर्वी. पांढरी, बिनवायरचा रिमोट, कार्ड नाही. जे ठेवायचं ते पेटीच्या पोटात. रात्री तिला पुरती बंद न करता झोपवायचं असतं, तेव्हा कडेला केशरी दिवा लुकलुकतो. त्या खेळातली माणसं इतकी खरी की त्यांच्या चेहऱ्यावर घाम दिसायचा. अक्षरं अजून इंग्रजीच होती, पण आता आम्हाला अक्षरांची गरज राहिली नव्हती. कोण खोटं बोलतोय ते तोंडावरून कळतं, ग्रामपंचायतीच्या बैठका काय कमी बघितल्यात?

ह्या खेळात आपल्या टोळीत सात जण. लढाईला एका वेळी चारच जाऊ शकतात, तीन शेकोटीपाशी थांबतात. शहाणा माणूस काय करतो? चांगले चार निवडतो, त्यांनाच तयार करतो आणि बाकीच्यांना विसरतो. हिने ते ऐकून घेतलं नाही. तिला चार जावांच्या घरात स्वयंपाकाच्या पाळ्या लावायची सवय. तिने सातांचे नंबर लावले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत खूण करायची, आज कोण गेलं त्याची. धनुष्यवाली हडकुळी पोरगी, तिची खूण बाण. टकल्याची खूण भोपळा. एक जाडा होता, सगळ्यात जास्त खायचा आणि लढाईत सगळ्यात शेवटी हात उचलायचा. तो हुबेहूब तिच्या भावासारखा दिसायचा, म्हणून त्याला ती जास्तीचं जेवण द्यायची. त्याची खूण लाडू. आणि एक काठीवाला म्हातारा. चालायला मंद, कामाला शून्य, कुणी जखमी झालं की काठी टेकून काहीतरी पुटपुटायचा आणि अर्धी जखम बरी करायचा. अर्धीच. त्याची खूण उभी रेघ, म्हणजे काठी.

मी कितीदा म्हटलं, “ह्या म्हाताऱ्याला बसू दे हितंच, लढाईत अडचण करतोय.”

“बसवला तर त्येला वाटंल ना.”

सगळ्यांना सारखी संधी मिळाल्यामुळे आमचे सातही जण सारखेच कच्चे राहिले. शेवटच्या दारापर्यंत यायला दीड वर्ष गेलं. दाराच्या अलीकडे ओढा, शेकोटी आणि विंचवांचं रान. तिथं मुक्काम पडला. रोज चौघं जायचे, विंचू मारून यायचे, शेकोटीपाशी बसायचे, ती ठेवायची. दार उघडायचं नाव नाही.

विंचवाच्या दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर कुरडया वाळत घालून खाली आली, घोटभर पाणी द्या म्हणाली, पंख्याखाली बसली. मी पाणी आणलं. तेवढ्यात ती नव्हती. डॉक्टर म्हणाला, हार्ट. मी म्हटलं, ते तिला होतं हे मला माहीत आहे.

मग माणसं आली. दुःखात माणसं येतात ती चांगलीच गोष्ट आहे, फक्त ती जात नाहीत. जिथं तिला ठेवलं होतं तिथं पीठ पसरून दिवा लावला. हा दिवा विझू द्यायचा नसतो. त्याला तेल घालायला एकाआड एक बायका नेमल्या. टीव्हीवर चादर टाकली, कारण सुतकात टीव्ही लावत नाहीत. चादरीखालून पेटीचा केशरी दिवा दिसत होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याच्यावर मी बसलो.

खरंच बसलो. खुर्ची प्लगपुढे ओढली आणि हललो नाही. कुणी फोन चार्ज करायला आलं की मी दुसऱ्या खोलीकडे बोट दाखवायचो. तिने ठेवलेलं पेटीत होतं, आणि लाइट गेली की पेटी सगळं विसरते हे मी चार पावसाळे बघितलेलं होतं. ह्या पेटीच्या वेळी लाइट गेली तर पुढचं काय ते तीच बघायची, मी फक्त लढायला यायचो. सगळे म्हणाले, म्हाताऱ्याने लई मनाला लावून घेतलंय, एका जागी बसून असतो. बायका तिकडे एक दिवा सांभाळत होत्या, मी इकडे दुसरा. माझा दिवा सांभाळायला पाळी बदलणारं कुणी नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी वारं सुटलं आणि तार तुटली. केशरी दिवा गेला. मी उठलो, दुखवट्याला आलेल्या माणसांच्या अंगावरून गेलो, भाड्याच्या खोल्यांकडे. कारण त्या खोल्यांना इन्व्हर्टर आहे, भाडेकरूंनी मागितला म्हणून. मालकाला मेणबत्ती पुरते. वायर घेऊन मी परत येईपर्यंत किती वेळ गेला ते ठाऊक नाही. मुलाने मला दारात धरलं आणि मिठी मारली. त्याला वाटलं मला रडू आवरत नाही. रडू येत होतं, ते खरं, पण तो समजला त्यासाठी नव्हतं. हातात वायरचं भेंडोळं घेऊन रडणाऱ्या बापाला त्याने काही विचारलं नाही. मुलगा चांगला आहे.

संध्याकाळी लाइट आली. पंखे फिरले, फ्रीज गुरगुरला. केशरी दिवा लागला नाही. तिकडचा पिठावरचा दिवा मात्र तेवत होता. बायकांनी त्याला परातीचा आडोसा केला होता.

दहाव्याला नदीवर कावळ्याने ताटकळत ठेवलं. पिंडाला शिवेना. तिचं काहीतरी मागं राहिलंय, म्हणून एकेकाने पुढे होऊन कबूल केलं. मुलाने सांगितलं, दादांना सांभाळीन. सुनेने सांगितलं, दर महिन्याला येईन. मेव्हण्याने, म्हणजे तिच्या भावाने, स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं काहीतरी सांगितलं. माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं. तिचं काय राहिलंय ते मला एकट्याला माहीत होतं. पण ती सात माणसं लाइटीबरोबर गेली होती, आता मी कुणाचा नंबर लावू? जे करता येणार नाही ते कावळ्याला कशाला सांगायचं? मी नुसते हात जोडले. शेवटी कावळा आला. भजी होती, म्हणून आला असेल.

तेराव्याला दान. गेलेल्या माणसाचं वापरातलं द्यायचं. गादी, छत्री, चपला, तांब्या, दोन साड्या. मेव्हणा व्यवस्था बघत होता. व्यवस्था आणि जेवण ह्या दोन गोष्टी तो मनापासून करतो. त्याने चादर उचलली, पेटीची वायर काढली आणि पेटी गादीवर नेऊन ठेवली.

“आक्काची आवड व्हती,” तो गुरुजींना म्हणाला. गुरुजींनी मान डोलावली. त्यांच्याकडे पेटीला कुणी नाही म्हणणार नव्हतं.

मुलगा म्हणाला, “थांबा मामा, देण्याआधी आतलं सगळं पुसून द्यावं लागतं. पाच मिनिटं.”

मी उठलो आणि पेटी उचलून मांडीवर घेतली. मेव्हणा जवळ आला, खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, “दाजी, सोडा. आवडीची वस्तू अडकवून ठेवू न्हाई. तिला तरास हुतो.”

“तिची माणसं हायेत ह्यात.”

आचारी बाहेर पातेलं घासत होता. मग मी मुलाला सांगितलं, आठव्या दिवशी लाइट गेली होती, त्यामुळे आता नसतीलही. पण पुसायची नाही. नसली तरी पुसायची नाही.

मुलगा माझ्यासमोर पाटावर बसला. तिच्याच पाटावर. वायर, इन्व्हर्टर, आठ दिवस धरून बसलेली खुर्ची, हे सगळं त्याच्या तोंडावर एकेक करून आलेलं मला दिसलं.

“दादा,” तो म्हणाला, “ही पेटी तशी नाही. लाइट गेली तरी काही जात नाही. प्लग काढून वर्षभर माळ्यावर टाकली तरी आई जिथं सोडून गेली तिथंच आहे सगळं.”

तेरा दिवस मी ह्या शहाण्या मुलाच्या शेजारी बसून होतो. एकदा विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण विचारलं तर माणूस शहाणा होतो, आणि आमच्या घराण्यात तो धोका कुणी पत्करलेला नाही.

पेटीच्या जागी दानात माझा ट्रान्झिस्टर गेला. गुरुजी खूश नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा-सून निघाले. मी चहा केला, दोघांचा झाला, दोन्ही प्यालो. चादर काढून घडी केली. प्लग लावला. पेटी जागी झाली, गाणं वाजलं, आणि ओढा दिसला. शेकोटी पेटलेली होती. सातही जण बसलेले. जाडा खात होता.

मी खुर्चीतून उठून पाटावर बसलो. गुडघे वाजले. चालायचं काम मी कधी केलेलं नव्हतं, त्यामुळे आधी सगळ्यांना ओढ्यात घातलं. मग बाहेर काढलं. टोळीच्या पानावर जाऊन जाड्याला खाली बसवलं, त्याच्या जागी म्हाताऱ्याला घेतलं. म्हातारा काठी टेकत उठला. विंचवांच्या रानात गेलो. एक लहान विंचू मिळाला, तो मारला. लढाईत म्हातारा मध्ये आला, मार खाल्ला, पुटपुटला, आणि हडकुळीची अर्धी जखम बरी केली.

शेकोटीपाशी परत आणून बसवलं. आता ठेवायचं होतं. मी जन्मात ठेवलेलं नव्हतं. पेटीने इंग्रजीत काहीतरी विचारलं आणि खाली दोन शब्द दाखवले, एक वर, एक खाली. एक ठेवणारा असणार, दुसरा नाही. ती बसायची तेव्हा मी मागून फक्त तिचा अंबाडा बघायचो. बोट एकदा वर नेलं, एकदा खाली. मग आठवलं की ती बटण दाबताना हनुवटी जराशी वर करायची, रोज. मी वरचं दाबलं.

घंटा वाजली, तिच्या वेळी वाजायची तीच.

कॅलेंडरवर तेरा चौकटी कोऱ्या होत्या. चौदावीत पेन्सिलीने उभी रेघ मारली. मग म्हशीला पाणी दाखवायला गेलो.